मेगावॅटच्या हिशेबात हरवलेला अँपिअर

ढोकी (जि. धाराशिव) : राज्यातील विजेची चर्चा वर्षानुवर्षे दोन आकड्यांभोवती फिरत आली आहे. निर्मिती किती मेगावॅट आणि थकबाकी किती कोटी. विधिमंडळातील गदारोळ असो की निवडणुकीतील आश्वासने, वादाचा परीघ यापलीकडे फारसा जात नाही. ढोकी-तेर पट्ट्यातील शेतकऱ्याला मात्र रब्बीचा हंगाम सुरू झाला की तिसराच आकडा छळू लागतो. तो आकडा अँपिअरचा. त्याच्या विहिरीपर्यंत आलेली तार आणि बांधावरचे रोहित्र किती प्रवाह सोसू शकते, यावर त्याचे पीक उभे असते. वीज उपकेंद्रापर्यंत आलेली असते, बिलाचा प्रश्नही तूर्त मिटलेला असतो, तरीही पंप चालत नाही. कारण शेवटच्या एक-दोन किलोमीटरच्या तारांनी हात टेकलेले असतात.

हा प्रश्न एका गावाचा नाही. पण तो ढोकीसारख्या गावातून जसा दिसतो, तसा मंत्रालयातून दिसत नाही. तेरणा नदीच्या खोऱ्यातील या परिसराची ओळख तेरणा सहकारी साखर कारखान्याशी जोडलेली आहे. मराठवाड्यातील जुन्या सहकारी कारखान्यांपैकी हा एक. अनेक वर्षे बंद राहिल्यानंतर तो भाडेतत्त्वावर पुन्हा सुरू झाला. कारखान्याचे धुराडे पेटते तेव्हा ऊस वाढतो, ऊस वाढला की पंप वाढतात. दुसरीकडे, हा सगळा प्रदेश अवर्षणप्रवण. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे याच भागातून धावली होती. पाणी खोल गेले की विंधन विहीर खोल जाते आणि तीन अश्वशक्तीच्या पंपाच्या जागी पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप बसतो. खांबावरची तार मात्र बहुधा तीच राहते.

तारेची मर्यादा

विजेच्या तारेला पाण्याच्या नळाची उपमा नेहमी दिली जाते, पण ती एका बाबतीत फसवी आहे. नळ भरला की त्यातून जास्त पाणी जातच नाही. तारेतून मात्र क्षमतेपेक्षा जास्त प्रवाह जातो आणि तार तापते. तापण्याचे हे प्रमाणही सरळ नाही. प्रवाह दुप्पट झाला की निर्माण होणारी उष्णता चौपट होते. निर्माण होणारी उष्णता आणि हवेत निघून जाणारी उष्णता यांचा तोल ज्या प्रवाहाला तारेच्या सुरक्षित तापमानावर साधतो, तो प्रवाह म्हणजे त्या तारेची प्रवाहवहन क्षमता. साहजिकच ही क्षमता तारेच्या जाडीवर अवलंबून असते, तशीच ती भोवतालच्या हवेवरही अवलंबून असते.

खांबांवरच्या, पोलादी गाभ्याभोवती ॲल्युमिनियमचे पीळ असलेल्या तारांना ब्रिटिश काळापासून प्राण्यांची नावे आहेत. स्क्विरल, वीझल, रॅबिट, डॉग अशी ती चढत्या क्रमाने येतात. तारेचे तापमान ७५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ द्यायचे असे धरले, तर ४० अंशांच्या हवेत खारीच्या नावाची तार साधारण ११५ अँपिअर वाहू शकते, वीझल १५० आणि रॅबिट २०८. हवेचे तापमान ४५ अंशांवर गेले की हेच आकडे अनुक्रमे १०७, १३९ आणि १९३ होतात. म्हणजे पिकाला पाण्याची गरज सर्वाधिक असते त्या मार्च ते मेच्या दुपारी तारेची ताकद सर्वांत कमी असते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा फरक केवळ पुस्तकी राहत नाही.

शंभर केव्हीएचा हिशेब

गावात ज्याला 'डीपी' म्हणतात ते शंभर केव्हीए क्षमतेचे रोहित्र घ्या. ४३३ व्होल्ट दाबाला ते सुमारे १३३ अँपिअर प्रवाह देऊ शकते. पाच अश्वशक्तीचा पंप योग्य दाब मिळाल्यास साधारण साडेसात अँपिअर घेतो. भागाकार केला तर एका रोहित्रावर असे १७ पंप बसतात. समजा, तेथे २० पंप जोडलेले आहेत. मागणी १५० अँपिअर, म्हणजे क्षमतेपेक्षा बारा-तेरा टक्के जास्त. हा अतिरेक वरवर पाहता किरकोळ वाटतो.

खरी अडचण येथून पुढे सुरू होते. भार वाढला की लांबच्या टोकाला दाब घसरतो. लघुदाब पुरवठ्यात सहा टक्क्यांहून जास्त चढउतार नसावा असा दंडक असला, तरी वाहिनीच्या शेवटच्या विहिरीवर तो पाळला जात नाही, हे 'मोटर पाणी फेकत नाही' या नित्याच्या तक्रारीवरून स्पष्ट होते. दिव्याचा दाब कमी झाला तर दिवा मंद होतो आणि कमी वीज घेतो. मोटरीचे तसे नसते. तिच्यावर पाण्याचे ओझे कायम असल्याने दाब जितका घसरतो, जवळपास तितक्या प्रमाणात ती प्रवाह वाढवते. दाब ४१५वरून ३३० व्होल्टवर आला, तर साडेसात अँपिअरचे सुमारे साडेनऊ होतात. २० पंपांची मागणी मग १८५ अँपिअरच्या पुढे जाते. वाढलेल्या प्रवाहाने दाब आणखी घसरतो, घसरलेल्या दाबाने प्रवाह आणखी वाढतो. या चक्राचा शेवट पंपाची वाइंडिंग जळण्यात, तार तुटण्यात किंवा रोहित्र जळण्यात होतो.

यातून मार्ग काढताना जो घरगुती उपाय केला जातो, तो रोगापेक्षा भयंकर ठरतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून किटकॅटमध्ये जाड तार गुंडाळली जाते. फ्यूज म्हणजे साखळीतील मुद्दाम ठेवलेली कच्ची कडी. तीच पक्की केली की पुढची कच्ची कडी रोहित्राचे वेटोळे ठरते. चार रुपयांची तार वाचते आणि लाखाच्या घरातील यंत्र जळते. ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलावे, असे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे कृतिमानक आहे. पण बदललेले रोहित्र त्याच भाराखाली उभे राहणार असेल, तर पुढच्या आवर्तनाला ते पुन्हा जळणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आठ तासांच्या पाळीची किंमत

वाहिनीचे आराखडे आखताना अभियंते एक गृहीत धरतात. सगळे ग्राहक एकाच वेळी सगळी उपकरणे चालवत नाहीत. शहरात ते बऱ्याच अंशी खरे आहे. एका घरी इस्त्री चालू असते तेव्हा शेजारी पाण्याचा पंप बंद असतो. शेतीच्या वाहिनीवर मात्र हे गृहीतक कोसळते. कृषिपंपांना राज्यात वर्षानुवर्षे साधारण आठ तासांची वीज चक्राकार पद्धतीने, कधी दिवसा तर कधी रात्री, दिली गेली. वीज आठच तास मिळणार म्हटल्यावर प्रत्येक शेतकरी ते आठही तास पंप चालवतो. भाराची विभागणी होत नाही, तो एकवटतो. विजेच्या तुटवड्यावर उपाय म्हणून आलेल्या या पद्धतीने मेगावॅटचा प्रश्न सोडवला, पण तो अँपिअरच्या खात्यावर टाकून.

त्यात ऑटोस्विचची भर पडली. रात्री दोनला वीज आली तर थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत उठून शेतावर कोणी जायचे? म्हणून पंपाला आपोआप सुरू होणारे स्विच लागले. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय शहाणपणाचाच होता. पण मोटर सुरू होताना पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह घेते. वीज येताच २० पंप एकदम सुरू झाले, तर १३३ अँपिअरच्या रोहित्रावर क्षणभर आठशे ते नऊशे अँपिअरचा धक्का बसतो. महावितरण दर रब्बीत ऑटोस्विच काढण्याचे आणि कपॅसिटर बसवण्याचे आवाहन करते ते यासाठीच. कपॅसिटरमुळे शक्तिगुणांक ०.८वरून ०.९५वर गेला, तर त्याच कामासाठी लागणारा प्रवाह सुमारे १६ टक्क्यांनी घटतो. वरच्या उदाहरणातील २० पंपांचा भार तेवढ्यानेच रोहित्राच्या मर्यादेत येऊ शकतो. परंतु एकट्याने कपॅसिटर बसवून एकट्याची वीज सुधारत नाही. सगळ्यांनी बसवला तरच सगळ्यांचा दाब सुधारतो. सामूहिक शिस्तीचा हा प्रश्न केवळ आवाहनाने सुटलेला नाही.

तारेच्या मर्यादेचा शेवटचा टप्पा जमिनीखाली असतो. सात-आठशे फूट खोल विंधन विहिरीत पाच अश्वशक्तीच्या पंपाला अडीच चौरस मिलिमीटरची केबल सोडली, तर तिच्यातच वीसेक व्होल्टचा दाब खर्ची पडतो. चार चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर तो बारा-तेरा व्होल्टवर येतो. केबल घेताना वाचवलेला पैसा पुढे मोटर भरण्यात जातो.

झोळ पडलेल्या तारा, जळालेला ऊस

तापलेली तार लांबते. दोन खांबांमध्ये ताणलेल्या तारेची लांबी काही सेंटिमीटरने वाढली, तरी तिचा झोळ त्याच्या कितीतरी पट वाढतो. शेतावरून जाणाऱ्या ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारा जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच असाव्यात, असा नियम आहे. तोडणीला आलेला ऊस तीन ते चार मीटर उंच असतो. नियम तंतोतंत पाळला तरी मध्ये उरते ते अंतर माणसाच्या उंचीपेक्षा फार नाही. खांब कलले, ताण ढिला पडला आणि अतिभाराने तार तापली की तेही अंतर राहत नाही. वाऱ्याने दोन तारा एकमेकींवर आपटतात, ठिणगी पडते आणि वाळलेल्या पाचटात ती पुरेशी असते. तारांच्या घर्षणाने ऊस जळाल्याच्या बातम्या साखरपट्ट्यात दर हंगामात येतात. मग पंचनामा, विद्युत निरीक्षकांचा अहवाल आणि भरपाईसाठी हेलपाटे हा क्रम ठरलेला असतो.

ही केवळ मागास भागाची व्यथा आहे असे समजण्याचे कारण नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही भाग मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्याची सुरुवात ओहायो राज्यात झोळ पडलेल्या वाहिन्या झाडांना टेकण्यातून झाली होती. एक वाहिनी बंद पडली, तिचा भार दुसरीवर गेला, ती तापून झुकली. भारतात ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडील ग्रिड कोसळले, तेव्हाही बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही वाहिनीवरील अतिभाराचा दुवा निर्णायक ठरला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईच्या लोकल जागच्या जागी थांबल्या, त्याच्या मुळाशी कळवा-पडघा भागातील अतिउच्चदाब वाहिन्या बंद पडल्यावर उरलेल्या मार्गांना न पेललेला भार होता. या घटनांमध्ये वीजनिर्मितीचा तुटवडा हे मूळ कारण नव्हते. कमी पडली ती वाट.

कागदावरची अश्वशक्ती

वाहिनी सुधारायची तर तिच्यावर भार किती, हे आधी माहीत हवे. नेमके येथेच घोडे पेंड खाते. राज्यातील असंख्य कृषिपंपांची आकारणी मीटरऐवजी अश्वशक्तीवर होत आली. बिलावरची अश्वशक्ती प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवली जाते, अशी वीजग्राहक संघटनांची जुनी तक्रार आहे. याउलट, मंजूर भार तीनचा आणि विहिरीत पंप पाचचा, हेही ग्रामीण भागात उघड गुपित आहे. त्यात आकडे टाकून घेतलेली वीज कोणत्याच नोंदीत नसते. शेतीचा वीजवापर खरोखर किती, हे शोधण्यासाठी राज्य सरकारला सत्यशोधन समिती नेमावी लागली, यातच नोंदींची अवस्था स्पष्ट होते.

'मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजने'ने या गुंत्याला २०२४मध्ये नवे वळण दिले. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४पासून पाच वर्षे मोफत वीज देणारी ही योजना सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांसाठी आहे. कोरडवाहू भागातील कुटुंबाला बिलातून मिळालेली सुटका मोठी आहे, हे नाकारता येणार नाही. पण तिचा एक परिणाम दुर्लक्षित राहिला आहे. बिल शून्य झाले की जोडभार खरा सांगण्याचे शेतकऱ्यापुढील उरलेसुरले कारण संपते. साडेसातची मर्यादा आल्याने त्यापुढचा पंप कागदावर मर्यादेत ठेवण्याचा मोह उलट वाढतो. दुसरीकडे, अनुदान कागदावरच्या अश्वशक्तीशी निगडित राहिले, तर तो आकडा तपासण्याची घाई वितरण कंपनीलाही नसते. दोन्ही बाजूंना चुकीची नोंद परवडते, परवडत नाही ती केवळ तारेला. तारेत उष्णतेपोटी गेलेली वीज मग शेतीच्या वापरात मिसळून जाते आणि तिची किंमत अनुदानाच्या रूपाने करदाता व क्रॉस सबसिडीच्या रूपाने उद्योग भरतो.

शहराच्या भिंतीआड

या सगळ्याकडे शेतीचा प्रश्न म्हणून पाहणाऱ्या शहरी वाचकाने स्वतःच्या घराच्या भिंतीआड डोकावायला हरकत नाही. जुन्या वायरमनच्या तोंडची 'तीन-बावीस', 'सात-वीस' ही मापे जाऊन आता चौरस मिलिमीटरची मापे आली, पण भिंतीतील वायर अनेक इमारतींत तेव्हाचीच आहे. पीव्हीसी आवरणाची तांब्याची वायर पाइपमधून नेली, तर भारतीय मानकाप्रमाणे दीड चौरस मिलिमीटरला साधारण १३ अँपिअर, अडीचला १८ आणि चारला २४ अँपिअर ही मर्यादा आहे. तीही ४० अंशांच्या भोवतालात. पत्र्याच्या छताखाली किंवा वायरींनी गच्च भरलेल्या पाइपात तापमान ५० अंश धरले, तर पाचवा हिस्सा आणखी वजा होतो. पीव्हीसीने ७० अंशांपलीकडे जाऊ नये अशी अपेक्षा असते. त्यापुढे ते लगेच पेटत नाही. ते कडक होते, तडकते आणि काही वर्षांनी एका दुपारी दोन तारा एकमेकींना भेटतात. अग्निशमन दलाच्या नोंदीत 'शॉर्ट सर्किट' हे कारण लागते. त्याआधीची काही वर्षे तापत राहिलेली वायर नोंदीत येत नाही.

दोन किलोवॉटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो, दीड टनाचा वातानुकूलक सात-आठ. विजेवरील मोटार घरगुती सॉकेटवर साधारण १४ अँपिअर घेते आणि तेही रात्रभर सलग. तीस वर्षांपूर्वी दिवे-पंख्यांसाठी टाकलेल्या मुख्य वायरीवर हे सारे येऊन बसते. एमसीबी वारंवार पडू लागला की सोळाचा काढून बत्तीसचा बसवला जातो. वायर मात्र बदलली जात नाही. ढोकीच्या शिवारात किटकॅटमध्ये गुंडाळलेली जाड तार आणि पुण्याच्या सदनिकेतील मोठा एमसीबी यांत तत्त्वतः काडीचाही फरक नाही. फरक आहे तो परिणामात. तेथे पीक जाते, येथे जिन्यात धूर कोंडतो.

सौरऊर्जेचे उत्तर, पण अर्धे

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१८मध्ये आलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीचा विचार मुळात योग्य होता. ११ केव्हीची वाहिनीच विहिरीजवळ न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांसाठी छोटे रोहित्र बसवायचे. तेवढीच शक्ती ११ केव्हीवर नेताना प्रवाह सुमारे पंचविसावा हिस्सा राहतो आणि त्याच तारेतील उष्णतेचा व्यय सहाशेहून अधिक पटींनी घटतो. शिवाय रोहित्र दोघांचेच असल्याने कोणी अतिभार टाकला तर नुकसान कोणाचे, हे स्पष्ट असते. पण ही प्रणाली खर्चिक आहे आणि नव्या जोडण्यांपुरती राबवली गेली तर जुन्या लघुदाब वाहिन्यांवरील गर्दी तशीच राहते.

त्यानंतर भर सौरऊर्जेवर आला. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' २०१७मध्ये सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०२३मध्ये आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देण्याची ही कल्पना शेतकऱ्याची रात्रीची पायपीट थांबवणारी आहे आणि म्हणून स्वागतार्ह आहे. मात्र प्रकल्प उपकेंद्राशी असतो, तेथून विहिरीपर्यंतची तार जुनीच असते. रात्री २५ अंशांच्या हवेत जी तार ४० अंशांच्या तुलनेत सुमारे एक पंचमांश जास्त प्रवाह पेलत होती, तिच्यावर आता सर्व भार दुपारच्या उन्हात येणार आहे. दिवसा वीज देण्याच्या निर्णयाबरोबर वाहिनी सक्षम करण्याचा निर्णय झाला नाही, तर मिळणारी वीज दिवसाची असेल, पण पुरेशा दाबाची असेलच असे नाही. २०२४च्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेतील स्वतंत्र पंप या तारेवरचा भार थेट कमी करतात. अतिभारित रोहित्रांवरील शेतकऱ्यांना त्यात अग्रक्रम दिला, तर एका पंपाचा लाभ उरलेल्या सगळ्यांना मिळेल.

सर्वांत स्वस्त उपाय मोजमापाचा आहे. केंद्राच्या २०२१च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत रोहित्रांवर मीटर बसवणे समाविष्ट आहे. प्रत्येक शेतकऱ्याच्या विहिरीवरचा मीटर राजकीयदृष्ट्या अवघड असेल, पण रोहित्रावरच्या मीटरला विरोध करण्याचे कोणालाच कारण नाही. त्याचे वाचन ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे. रोहित्राची क्षमता १३३ अँपिअर, गेल्या आठवड्यातील कमाल भार अमुक, जोडलेले पंप तमुक. एवढी तीन आकड्यांची पाटी डीपीच्या पेटीवर असली, तर दोष वायरमनचा, शेजाऱ्याचा की कंपनीचा, हा दर हंगामातील वाद बराचसा निकाली निघेल. नवीन जोडणी देण्यापूर्वी त्या पाटीकडे पाहण्याचे बंधन अधिकाऱ्यावर राहील आणि कपॅसिटर बसवल्याने आकडा किती खाली आला, हे गावालाही दिसेल.

मोफत विजेची मुदत २०२९मध्ये संपेल, तेव्हा बिलाचा वाद पुन्हा पेटेल. तोपर्यंतची वर्षे तारा, खांब आणि रोहित्रे भारानुसार सक्षम करण्यात गेली, तर त्या वादाला काही अर्थ राहील. अन्यथा फुकट असो वा विकत, वीज रोहित्रापर्यंतच येईल आणि ऊस पाण्याची वाट पाहत उभा राहील.